संभाव्य बटुग्रहाचा व्यास स्वतः कसा काढावा

मे २०२५मध्ये '२०१७ ओएफ२०१' या दूरस्थ पिंडाची, म्हणजे एका संभाव्य बटुग्रहाची, बातमी आली आणि तिच्यासोबत एक आकडा सगळीकडे फिरला: व्यास सुमारे ७०० किलोमीटर. हा व्यास कोणी मोजलेला नाही. छायाचित्रांत तो पिंड म्हणजे नुसता ठिपका आहे. मग ७०० आले कुठून? मोबाइलमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर हाताशी असेल तर ते आपल्यालाही काढता येतात.

आधी पिंडाची दृश्यप्रत (आपल्याला तो किती तेजस्वी दिसतो ते सांगणारी संख्या; ती जितकी मोठी तितका पिंड अंधुक) आणि सूर्यापासूनचे अंतर मिळवा. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची 'होरायझन्स' ही मोफत सेवा दिलेल्या तारखेसाठी दोन्ही सांगते. अंतर त्या तारखेचेच घ्या, कक्षेचे सरासरी नको. ओएफ२०१च्या बाबतीत तर सरासरी साफ फसवते. त्याची कक्षा इतकी लांबुळकी आहे की तो सूर्याच्या जवळात जवळ ४५ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर) येतो, लांबात लांब १६००च्याही पलीकडे जातो आणि एका फेरीला सुमारे २५ हजार वर्षे घेतो. सध्या तो ९०च्या आसपास आहे. प्रत साधारण २३ धरू.

आता निरपेक्ष प्रत काढा. सूर्य आणि आपण, दोघांपासून पिंड १ खगोलीय एककावर असता तर तो किती तेजस्वी दिसला असता, ते ही संख्या सांगते. एवढ्या दूरच्या पिंडासाठी सोपे सूत्र पुरते:

निरपेक्ष प्रत = दृश्यप्रत − १० × लॉग(अंतर)

कॅल्क्युलेटरवर 'लॉग'चे बटण दाबा, 'एलएन'चे नव्हे. ९०चा लॉग १.९५, म्हणून २३ − १९.५ = ३.५. गुणक १० असण्याचे कारण म्हणजे प्रकाश सूर्याकडून पिंडाकडे जातानाही क्षीण होतो आणि परततानाही. अंतर दुप्पट झाले की तेज सोळा पटींनी घटते. असे पिंड सूर्याच्या त्यातल्या त्यात जवळ असतानाच सापडतात, ते यामुळेच.

पुढचा आकडा मात्र मोजलेला नसतो, धरलेला असतो. तो म्हणजे परावर्तनांक, पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशाचा किती भाग परत फिरतो ते. ठिपका मोठा पण काळपट आहे की लहान पण चकचकीत, हे नुसत्या तेजावरून कळत नाही. ओएफ२०१साठी ०.१५ धरले, तर:

व्यास = (१३२९ ÷ √परावर्तनांक) × १०^(−निरपेक्ष प्रत ÷ ५)

१३२९ ÷ ०.३८७ = ३४३४; त्याला १०^(−०.७), म्हणजे ०.२ने गुणले की सुमारे ६८५ किलोमीटर. हेच ते बातमीतले ७००!

इथे थांबू नका. तेच गणित ०.०५ आणि ०.५ धरून पुन्हा करा. पहिल्याने जवळपास ११९० किलोमीटर येतात, दुसऱ्याने ३७५. माझ्या मते वहीत लिहायचे उत्तर हा पट्टाच. ७०० हा त्यातला एक पटण्याजोगा मुक्काम.

पद्धत किती चुकू शकते हे पाहायला बटुग्रह एरिस घ्या. तिची निरपेक्ष प्रत सुमारे उणे १.१. परावर्तनांक ०.१५ धरला तर व्यास ५७०० किलोमीटर येतो, बुधापेक्षाही मोठा! नोव्हेंबर २०१०मध्ये एरिस एका ताऱ्यासमोरून गेली. तारा किती वेळ झाकला गेला त्यावरून व्यास २३२६ किलोमीटर निघाला आणि परावर्तनांक ०.९६ ठरला. तिचा पृष्ठभाग ताज्या हिमासारखा उजळ आहे.

म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी वाचताना व्यास कसा मिळाला ते आधी शोधा. ताऱ्याच्या पिधानावरून (म्हणजे एरिससारखा तारा झाकला जाण्यावरून) किंवा पिंडाच्या उष्णतेच्या प्रारणावरून मिळाला असेल तर त्याला वजन आहे. 'परावर्तनांक अमुक धरल्यास' असे असेल तर वरचे गणित स्वतः करून पट्टा काढा.

व्यास मिळाला तरी 'संभाव्य' हा शब्द लगेच गळत नाही. बटुग्रह ठरण्यासाठी पिंड स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेला हवा, आणि त्यासाठी व्यासाची ठाम सीमारेषा नाही. शनीचा चंद्र मायमस सुमारे ४०० किलोमीटरचा असून गोलसर आहे. नेपच्यूनचा प्रोटियस त्याहून थोडा मोठा, तरी ओबडधोबड. पिंडाभोवती चंद्र सापडला तर काम सोपे होते: चंद्राच्या कक्षेवरून वस्तुमान आणि मग घनता काढता येते. गाँगगाँग या अशाच दूरच्या पिंडाचे वस्तुमान असेच मिळाले.