कास्टगेट: पॉडकास्टचे नवे भाग आपोआप उतरवा

पॉडकास्ट ऐकायला ॲप लागतंच असं नाही. प्रत्येक खुल्या पॉडकास्टमागे आरएसएस फीड नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. त्यातल्या ‘एन्क्लोजर’ टॅगमध्ये प्रत्येक भागाच्या ऑडिओचा थेट पत्ता दिलेला असतो. तो वाचून ऑडिओ आपल्या संगणकावर आणणारं कास्टगेट हे छोटं, मोफत साधन मला फार आवडतं. खातं नाही, जाहिराती नाहीत, आणि फाइल कायम आपल्याकडे राहते. नेटचा भरवसा नसलेल्या गावात किंवा रोजचा डेटा मोजून वापरणाऱ्या घरात याची किंमत लगेच कळते.

इथे कमांड देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या. कास्टगेटचं स्पेलिंग सी-ए-एस-टी-जी-ई-टी, सगळं जोडून.

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल कास्टगेट’ एवढं पुरे (सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, ॲप्ट म्हणजे ए-पी-टी).

मग फीडचा पत्ता शोधा. कार्यक्रमाच्या वेबसाइटवर ‘आरएसएस’ अशी लिंक बहुधा असतेच. ती उघडल्यावर कोनी कंसांनी भरलेला मजकूर दिसला की पत्ता बरोबर आहे असं समजा. फक्त यूट्यूबवर किंवा एखाद्याच ॲपवर असलेले कार्यक्रम मात्र अशा प्रकारे मिळत नाहीत, कारण ऑडिओचा थेट पत्ता देणारं खुलं फीडच त्यांचं नसतं.

आता होम फोल्डरमध्ये ‘डॉट कास्टगेटआरसी’ नावाची फाइल बनवा. नावाची सुरुवात टिंबाने होते, म्हणून ती एरवी लपलेली राहते. प्रत्येक कार्यक्रमासाठी त्यात तीन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत चौकटी कंसात तुम्ही ठेवलेलं छोटं नाव. दुसरीत यूआरएल, बरोबरचं चिन्ह आणि फीडचा पत्ता. तिसरीत स्पूल (एस-पी-ओ-ओ-एल), बरोबरचं चिन्ह आणि भाग जिथे साठवायचे त्या फोल्डरचा पत्ता. हा पत्ता तिरक्या रेघेपासून पूर्ण लिहा, आणि ते फोल्डर आधीच तयार ठेवा.

यापुढची पायरी अजिबात चुकवू नका. नुसतं ‘कास्टगेट’ चालवलंत तर ते फीडमधले सगळे जुने भाग उतरवायला घेईल. बीबीसीचा ‘इन अवर टाइम’ १९९८ पासून चालू आहे, त्याचे हजाराहून जास्त भाग झालेत आणि एकेक भाग साधारण पाऊण तासाचा. १२८ केबीपीएसच्या दर्जाने पाऊण तासाचा ऑडिओ सुमारे ४३ एमबी होतो. हजार भाग म्हणजे ४३ जीबी! म्हणून आधी ‘कास्टगेट’, एक जागा सोडून वजा चिन्ह आणि सी, असं चालवा. याने काहीही उतरत नाही. आत्तापर्यंतचे भाग ‘मिळाले’ म्हणून नोंदले जातात, आणि पुढच्या वेळेपासून फक्त नवे येतात. सीऐवजी एल लिहिलंत तर न उतरवलेल्या भागांची यादी दिसते.

रोजचं काम क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीवर, सोपवा. ‘क्रॉनटॅब’ (सी-आर-ओ-एन-टी-ए-बी), मग एक जागा सोडून वजा चिन्ह आणि ई, अशी कमांड दिली की एक फाइल उघडते. तिच्या शेवटी नवी ओळ लिहा: शून्य, पाच, तीन तारे (प्रत्येकामध्ये एक जागा), मग ‘कास्टगेट’ आणि वजा आर. पहिला आकडा मिनिटांचा, दुसरा तासाचा, म्हणजे रोज पहाटे ५ वाजता. वजा आरमुळे मध्येच तुटलेलं डाउनलोड जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. रेंज येते-जाते अशा ठिकाणी तर हे हवंच. त्या वेळी संगणक बंद असेल तर क्रॉन ते काम नंतर करत नाही, म्हणून मशीन नक्की चालू असते अशी वेळ निवडा.

जुने भाग कास्टगेट स्वतःहून पुसत नाही. ऐकून झालेली फाइल तुम्हीच खुशाल डिलीट करा. नोंद वेगळी राहते, त्यामुळे तोच भाग पुन्हा उतरत नाही.