डागातून स्वप्नचित्र: डिकॅल्कोमेनियाची रीत

अतिवास्तववादी चित्र काढायला बसलं की वितळलेली घड्याळं, उडते मासे आणि एकटा डोळा हेच आधी सुचतं. ही दुसऱ्यांची प्रतीकं. स्वतःची हवी असतील तर सुरुवात डागापासून करा. ओला रंग दाबून त्यातून नक्षी उमटवायची, ही डिकॅल्कोमेनियाची पद्धत. अतिवास्तववादी चित्रकार ऑस्कर दोमिंगेस यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यात ती काळ्या गवाशने (पाण्यात कालवायच्या अपारदर्शक रंगाने) वापरली; त्याच पंथाचे माक्स अर्न्स्ट यांनी ती तैलरंगात नेली.

गुळगुळीत आयव्हरी शीटचा ए-फोर तुकडा घ्या. खरखरीत वॉटरकलर पेपर रंग शोषून घेतो, नक्षी उमटत नाही. काळा गवाश किंवा पोस्टर कलर सायीइतका दाट कालवा आणि मधोमध तळहाताएवढ्या भागात फासा. ओला असतानाच वर प्लॅस्टिकची पारदर्शक ओएचपी शीट ठेवून तळव्याने दाबा आणि एका कडेने सावकाश, न थांबता उचला. शीट सुटताना कडेने हवा आत शिरते, रंग ताणला जाऊन शिरांसारखा गोळा होतो. शेवाळ, प्रवाळ, कुजलेलं लाकूड दिसतं ते त्यामुळेच. पाणी जास्त झालं तर नुसती थारोळी होतात. रंग सुकत आला असेल तर शीट चिकटते. मध्ये थांबलात तर आडवी रेघ राहते, ती पुसली जात नाही.

पूर्ण सुकू द्या. मग कागद चारही बाजूंनी फिरवून बघा. चोच, गुडघा, पाठमोरी बाई, जे आपणहून दिसेल तेच धरा.

आता खरं काम: आकृती रंगवायची नाही, तिच्याभोवतीचं आकाश रंगवायचं. अर्न्स्ट यांच्या ‘युरोप आफ्टर द रेन’ (१९४०–४२) या चित्रामध्ये निळं, सपाट आकाश त्या कुजक्या खडकांना धार देतं, आणि त्यांच्यात पक्ष्याचं डोकं असलेली आकृती उभी दिसते. पांढरा मिसळलेला निळा जवळजवळ कोरडाच घ्या, कडेशी एकाच फटकाऱ्यात लावा. ओल्या ब्रशने दोनदा घासलंत तर खालचा काळा सुटून आकाश मळकट होईल.

क्षितिज खाली ठेवा, प्रकाश एकाच बाजूने. शून्य नंबरच्या ब्रशने एक डोळा किंवा एक बोट, एवढंच नेमकं काढा. दुसरा डोळा काढायचा मोह होतोच. काढलात तर ते कार्टून होतं आणि बाकीच्या डागातलं गूढ तिथेच संपतं.