चायना ग्रास नीट सेट होत नसेल तर
चायना ग्रास म्हणजे अगर, लाल समुद्री शेवाळातली साखरेची लांबलचक साखळी, लाटांत शेवाळ तुटू नये म्हणून पेशींच्या भिंतीत असते ती. ही विरघळायला जवळजवळ उकळतं पाणीच लागतं, म्हणून आधी भिजवून पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा आणि मगच गरम दुधात ओता, फ्रीजमधलं थंड दूध घातलंत तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. लिंबू वगैरे आंबट काही असेल तर गॅस बंद केल्यावर, आंबटासोबत उकळलं की पकड जाते. ताजा अननस घातला तरी मात्र हे सेट होतं, अननसातलं एन्झाइम प्रोटीन तोडतं, जिलेटिन प्रोटीन असल्याने त्यात फसतं, चायना ग्रास नाही. आणि हो, सेट व्हायला फ्रीज लागतच नाही, ४० डिग्रीच्या खाली आपोआप घट्ट होतं!