‘फेरि’ की ‘फेरो’?

निगेटिव्ह, कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापणं) वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. मी फक्त सायनोटाइपच्या, म्हणजे उन्हाने निळे फोटो छापायच्या पद्धतीच्या, द्रावणांबद्दल सांगते, कारण माझे पहिले तीन आठवडे तिथेच गेले.

१८४२ मध्ये जॉन हर्शेलने शोधलेली ही पद्धत. पहिल्या बाटलीत हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, दुसरीत पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम. दोन्हींत डिस्टिल्ड पाणी घालून प्रत्येकी एकूण १०० मिली करायचं आणि वापरायच्या वेळी समसमान मिसळून कागदाला लावायचं. बस, एवढंच.

मी मिसळलं आणि वाटीत तिथल्या तिथे गडद निळी शाई! वाटलं, उजेड लागला. खिडकीला गोधडी लावली. रात्री दोन वाजता बाथरूममध्ये बसून मिसळलं. तेच. ज्यांच्याकडे शिकत होते ते सर म्हणाले, “हात बसेल हळूहळू.” हात कसला बसतोय, डबीच चुकीची होती! दुकानातून फेरिसायनाइडऐवजी फेरोसायनाइड आलं होतं आणि मी लेबल नीट वाचलंच नव्हतं.

हे नीट समजून घ्या. उन्हातल्या अतिनील किरणांनी सायट्रेटमधलं फेरिक लोह फेरस (लोहाचंच दुसरं रूप) होतं आणि ते फेरिसायनाइडला भेटलं की प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग तयार होतो. फेरोसायनाइडला उन्हाची गरजच नाही, फेरिक लोहाशीच त्याचं जमतं. म्हणून अंधारातही निळं. ओळखायचं रंगावरून: फेरिसायनाइडचे खडे तांबडे, फेरोसायनाइडचे फिकट पिवळे. नवी डबी आली की मंद पिवळ्या बल्बखाली दोन्ही द्रावणांचे पाच-पाच थेंब पांढऱ्या बशीत मिसळा. पिवळट हिरवं राहिलं तरच कागदाला हात लावा.

‘सायनाइड’ शब्दाला घाबरू नका, हे ते कुप्रसिद्ध विष नव्हे. पण तीव्र अ‍ॅसिडजवळ नेलंत तर विषारी वायू सुटतो, तिथे मस्करी नको. हातमोजे घाला, स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. आणि “अंदाजाने घाल गं” म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घ्या. तयार किट मला पटत नाही, काय बिघडलं ते कळतच नाही.

पावसाळ्यात सायट्रेटच्या बाटलीत बुरशी धरते. माझ्याही धरली, रडू आलं होतं. कॉफीच्या फिल्टरमधून गाळलं, चाललं.

ती पिवळी डबी अजून फडताळात आहे. आईने झाकणावर लाल पेनाने लिहून ठेवलंय: ‘ही नव्हे.’