आधी वॅट मोजा: लहान डबीतला रेग्युलेटर निवडताना

इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन मी सोलापुरात नोकरीला लागलो, तेव्हा माझ्याकडे आलेले पहिले स्वतंत्र काम दिसायला किरकोळ होते. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यासाठी तापमान व आर्द्रता मोजणारी, मुठीत मावेल एवढी डबी बनवायची होती. शेडमधली हवा कोरडी पडली की सूत तुटते. तेव्हा आर्द्रता ठरावीक आकड्याखाली गेली की याच डबीतल्या रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, पाण्याचा फवारा सुरू करायचा होता. रिले १२ व्होल्टचा असल्यामुळे पुरवठाही १२ व्होल्टचाच होता, आणि सेन्सर व वायफाय मॉड्यूलला हवे होते ३.३ व्होल्ट.

१२ चे ३.३ व्होल्ट करण्यासाठी मी १११७ जातीचा लिनियर रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारी चिप, लावला. तो एक अँपिअरचा आणि आपला सरासरी लोड ८० मिलिअँपिअर, म्हणजे बारापट मोकळीक, एवढाच माझा हिशेब होता. चाचणीच्या दिवशी डबी ४० अंश आणि ५० टक्के आर्द्रता दाखवू लागली. जॉबरने, म्हणजे मागांची देखभाल पाहणाऱ्या कारागिराने, मला हाताला धरून भिंतीवरच्या ओल्या-कोरड्या तापमापकापाशी नेले. तेथे ३४ अंश आणि ७० टक्के होते. दोन्ही आकडे एकाच कारणाने चुकले होते, कारण हवेत बाष्प तेवढेच राहून तापमान सहा अंशांनी चढले की सापेक्ष आर्द्रता सत्तरावरून पन्नासावर येते. डबी तशीच बसवली असती, तर फवारा विनाकारण चालत राहिला असता.

मोजायचे होते ते वॅट. लिनियर रेग्युलेटर जादा व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने उधळतो. १२ मधून ३.३ वजा करून उरलेल्या ८.७ व्होल्टला ०.०८ अँपिअरने गुणले की सुमारे ०.७ वॅट येतात. पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या पाटीवर, उष्णता पसरवणारे तांबे बेताचेच असेल, तर या लहान चिपचे तापमान दर वॅटमागे ९० अंशांच्या आसपास चढते, म्हणजे येथे ६३ अंश. भोवतालचे तापमान धरताना मात्र खोलीचे नव्हे, बंद डबीच्या आतले धरावे. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, तेव्हा आत ४८ धरले तरी बेरीज १११ होते आणि चिपची १२५ अंशांची मर्यादा ओलांडली जात नाही. रेग्युलेटर सुरक्षित होता. उष्णता सोसत नव्हता तो शेजारचा सेन्सर.

नवख्यांची आणखी एक फसगत ‘लो ड्रॉपआउट’ या शब्दांनी होते. या रेग्युलेटरला आत-बाहेरच्या व्होल्टेजमध्ये कमी फरक पुरतो, एवढाच त्यांचा अर्थ; १२ व्होल्ट दिले तर तोही तेवढाच तापतो. रिले नसता, तर मी पाच व्होल्टचा चार्जर वापरून उष्णता ०.१४ वॅटवर आणली असती. मात्र वायफाय मॉड्यूल क्षणभर तीन-चारशे मिलिअँपिअर ओढते, आणि केबल बारीक व लांब असली की तेवढ्या वेळात व्होल्टेज कोसळून मॉड्यूल रीसेट होते.

शेवटी बक कन्व्हर्टर घेतला; तो जादा व्होल्टेज उधळत नाही, वीज झपाट्याने चालू-बंद करून कॉइलच्या मदतीने व्होल्टेज उतरवतो. कार्यक्षमता ८० टक्केच धरली, तरी तो सुमारे ०.०७ वॅट, म्हणजे आधीच्या दहाव्या हिश्शाएवढीच उष्णता सोडतो. त्याची मांडणी मात्र निगुतीने करावी लागते: इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर चिपच्या पायांना अगदी खेटून ठेवावा, फीडबॅकची, म्हणजे आउटपुटचे व्होल्टेज चिपला कळवणारी, वाट कॉइलपासून दूर न्यावी. शिवाय १६ व्होल्टच्या लहान सिरॅमिक कपॅसिटरवर १२ व्होल्ट पडले की त्याची छापील क्षमता निम्म्याहूनही खाली जाऊ शकते, हे मला फार उशिरा कळले. म्हणून २५ किंवा ३५ व्होल्टचा घ्यावा. आमचा सेन्सर डिजिटल असल्याने बकचा रिपल, म्हणजे आउटपुटमधला बारीक चढउतार, चालून गेला. अ‍ॅनालॉग असता, तर बकने ४ व्होल्टपर्यंत उतरवून पुढे लहान लो ड्रॉपआउट रेग्युलेटर लावला असता. तेथे त्याला खरोखर अर्थ आहे.

सेन्सर मी डबीच्या तळाशी नेला, कारण गरम हवा वर चढते, आणि त्याच्याभोवती पीसीबीला खाच पाडली, म्हणजे तांब्यातून येणारी ऊब अडते. मग झाकण लावून, पूर्ण लोडवर, भर दुपारी दोन तास शेडमध्ये चाचणी घेतली. टेबलावर, पंख्याखाली घेतलेली चाचणी मी आता धरतच नाही. या वेळी भिंतीवरच्या आकड्याशी अर्ध्या अंशाचा फरक उरला, आणि तेवढा तर भिंतीवरचाही चुकत असेल, असे जॉबरच म्हणाला.