इसब असलेल्या बाळाचं पोट बिघडतं तेव्हा

गालांवर, कोपराच्या खळगीत इसब आणि वर पोट बिघडलेलं, की घरात पहिला आळ दुधावर येतो. पण बहुतेक मुलांच्या इसबाचं मूळ खाण्यात नसतं. सहा महिन्यांच्या आत सुरू झालेला, मलमांना दाद न देणारा इसब, सोबत वारंवार उलट्या, शीतून आव किंवा रक्त, वजन अडलेलं, असं असेल तर मात्र गाईच्या दुधातल्या प्रथिनांच्या ॲलर्जीचा संशय रास्त आहे.

आधी त्वचा ताळ्यावर आणा. मॉइश्चरायझर अंगभर, दिवसातून दोन-तीनदा. आठवड्याला साधारण २५० ग्रॅम संपायला हवं. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर हात आखडता आहे. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम भीतीपोटी टाळू नका. त्वचा रोज वरखाली होत असेल तर पथ्याचा परिणाम कळायचाच नाही.

बद्धकोष्ठ असेल तर खाजेचं औषध बघा. झोप आणणाऱ्या हायड्रॉक्सिझिनसारख्या सिरपनेही शी घट्ट होऊ शकते.

मग दोन आठवडे वही ठेवा. नोंद अशी: "सकाळी ८, दुधातला शिरा, अर्धी वाटी. दुपारी ४, पातळ शी, आव. रात्री खाज जास्त." वेळ लिहायचीच, कारण सगळी मेख वेळेत आहे. खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी, ओठांना सूज, उलटी झाली तर तो तात्काळ प्रकारची ॲलर्जी. त्यात घरी कसलेही प्रयोग नकोत. काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी पोट बिघडलं तर उशिराचा प्रकार. तो रक्ताच्या आयजीई (ॲलर्जीची प्रतिपिंडं मोजणाऱ्या) तपासणीत सहसा दिसत नाही. उलट पन्नास पदार्थांच्या रक्ततपासणीच्या पॅनेलमध्ये चार 'पॉझिटिव्ह' आले म्हणून चारही बंद करणं हा मुलाला उपाशी ठेवायचा महागडा मार्ग.

डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलं तर पूर्ण बंद, २ ते ४ आठवडे. दही, ताक, पनीर, खवा, लोणी आणि तूपसुद्धा. बिस्किटाच्या पुड्यावर 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसीन' शोधा. शेळीचं किंवा म्हशीचं दूध चालत नाही. प्रथिनं बरीचशी सारखीच. लॅक्टोज-फ्री दुधातली फक्त साखर मोडलेली असते, प्रथिन तसंच राहतं. बाळ अंगावर पीत असेल तर पाजणं चालू ठेवा, आईने स्वतःच्या खाण्यातलं दूध सोडायचं आणि कॅल्शियमची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायची. वरचं दूध लागत असेल तर डॉक्टरांनी सुचवलेलं हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं बाळाचं पावडरचं दूध.

चार आठवड्यांत फरक नाही? मग बहुधा दूध दोषी नाही, डॉक्टरांना विचारून परत सुरू करा. फरक पडला तरी परत देऊन बघायचंच, कारण इसब आपोआपही कमी-जास्त होतो. त्रास परतला तरच निदान पक्कं. हीच पायरी बरेच जण गाळतात आणि वर्षभर दूध तोडून बसतात. इसबाच्या मुलाला ते धोक्याचं: आधी पचणारं दूध दीर्घ खंडानंतर दिल्यावर तात्काळ प्रकारची तीव्र ॲलर्जी उठू शकते. म्हणून दूध परत देण्याआधी डॉक्टरांना विचारा. आयजीई तपासणी इथे कामाची, आणि गरज वाटली तर पहिला घोट दवाखान्यातच.

हिरवी उलटी, शीतून बरंच रक्त, सुस्ती, सहा-आठ तास लघवी नाही, श्वासाला घरघर किंवा ओठ-जीभ सुजली, तर वही बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा.