आसन लावता येतं, पण सोडता येतं का? घरी योग करणाऱ्यांसाठी थोडंसं

व्हिडिओ बघून घरी योग सुरू केलेल्या माणसाकडे एकदा नीट बघा. आसनात जाताना एकदम सावध, हात कुठे, गुडघा कुठे, सगळं तपासून तपासून, आणि आसन सुटलं रे सुटलं की धप्पकन खाली, मान वाकडी, पाठ गोल, डोकं कधीच ऑफिसच्या मेलमध्ये जाऊन पोचलेलं. मी बरीच वर्षं करतेय, ओळखीपाळखीच्यांना थोडंफार दाखवतेही, आणि माझं मत असं झालंय की लक्ष देऊन जगणं वगैरे जे म्हणतात ना, त्याची खरी प्रॅक्टिस ह्या सुटण्याच्या वेळीच होते. दिवसभरातही आपण हरवतो ते कामात कमी, एक काम संपून दुसरं लागेपर्यंतच्या फटीत जास्त. म्हणून हे सगळं उतरण्याबद्दल आहे, चढायचे व्हिडिओ ढिगानं आहेत.

सामानाचं पटकन सांगते. पोट रिकामं हवं, जेवण झालं असेल तर तीन-चार तास जाऊ द्या, सकाळचा अर्धा कप चहा घेतलात तर आभाळ कोसळत नाही. एक मोकळी भिंत, एक लोड किंवा घट्ट उशी, पट्ट्याच्या जागी जुनी ओढणी, आणि चाकं नसलेली खुर्ची. टेकू घ्यायला लोक उगाच लाजतात. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी ठोकळे, पट्टे, दोऱ्या, खुर्च्या घेऊन शिकवायची अख्खी पद्धत उभी केली, १९७५ साली तिथे त्यांची संस्था सुरू झाली आणि जगभरातून लोक येऊन त्या खुर्च्यांवर शिकून जातात. मग आपल्याला हॉलमधला लोड घ्यायला काय झालं?

सुरुवात ताडासनानं करा, म्हणजे नुसतं उभं राहणं. हे सगळ्यात कंटाळवाणं वाटतं आणि सगळ्यात जास्त इथेच शिकायला मिळतं. अनवाणी फरशीवर उभे राहा, पावलं एकमेकांना समांतर, आणि आता बघा वजन कुठे आहे. अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी, टाचेच्या आतल्या बाजूला, बाहेरच्या बाजूला, ह्या चार जागांवर ते सारखं यायला हवं आणि ते जवळजवळ कोणाचंच येत नाही. खोटं वाटत असेल तर आपल्या जुन्या चपला उलट्या करून बघा, कुठली टाच कुठल्या बाजूला झिजलीय ते तिथे स्पष्ट दिसतं. गुडघे मागे ठोकून लॉक करू नका, खांदे कानापासून लांब, जबडा सैल. मिनिट-दोन मिनिटं पुरे. आणि आता मुद्द्याचं, ताडासन सोडताना लगेच चालायला लागू नका, पहिलं पाऊल उचलायच्या आधी वजन कुठल्या पायावर सरकतंय ते जाणवू दे आणि मग उचला. एवढंच, पण हे जमायला वेळ लागतो, कारण पाय उचलेपर्यंत आपण असतो आणि उचलला की नसतो.

मग त्रिकोणासन घ्या, पाय फाकवून एका बाजूला वाकायचं ते. त्यात जायचं कसं ते तुम्हाला माहीत असेलच, हात जमिनीला टेकवायचा अट्टहास सोडा, नडगीवर किंवा खुर्चीच्या सीटवर ठेवा. बाहेर येताना बहुतेक जण डोकं आणि खांदा झटकून वर येतात आणि कमरेत कळ येते ती तिथेच. करायचं असं: आधी मागच्या पायाची टाच जमिनीत दाबा, श्वास घ्यायला लागा, आणि त्या श्वासाबरोबर वरच्या हातानं ओढल्यासारखं धड वर येऊ द्या, पाय सरळ, डोकं धडाबरोबर, डोक्याची घाई नको. श्वास मध्येच संपला तर थांबा, पुढच्या श्वासाला या. मग पावलं सरळ करा, आणि दुसऱ्या बाजूला जायच्या आधी एक पूर्ण श्वास नुसते उभे राहा. ह्या एका श्वासात मन कुठे कुठे जाऊन येतं बघा, मजा वाटेल.

सूर्यनमस्कार घालत असाल तर उत्तमच, औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, तर आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सुरू केले होते, तेव्हा आपल्याकडे त्याची सवय जुनी आहे. फक्त आकडा मोजण्याच्या नादात सगळा नमस्कार म्हणजे एकच लांब घसरण होते. बारा घालणार असाल तर सहाच घाला, आणि प्रत्येक दोन नमस्कारांच्या मध्ये ताडासनात एक श्वास थांबा. आकडा कमी झाला म्हणून जीव तुटतो काही जणांचा, तुटू द्या.

शेवटाकडे विपरीत करणी, माझी सगळ्यात लाडकी. भिंतीला लागून लोड ठेवा, त्याच्यावर कंबर, पाय भिंतीवर सरळ, खांदे आणि डोकं जमिनीवर. पाच मिनिटं. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बायकांनी तर हे कराच. उतरताना पाय धाडकन एका बाजूला टाकू नका. आधी गुडघे वाकवा, पावलं भिंतीला टेकवा, कंबर थोडी उचलून लोड बाजूला सरकवा, कंबर जमिनीवर आणा, मग उजव्या कुशीला वळा आणि तिथे दोन-तीन श्वास पडून राहा. हाताचा रेटा देऊन उठा आणि डोकं सगळ्यात शेवटी वर येऊ दे. शवासनातून उठायचंही हेच. शवासनाच्या शेवटी मोबाइलचा अलार्म लावत असाल तर फोन हात पुरणार नाही इतका लांब ठेवा, नाहीतर अलार्म बंद करता करता व्हॉट्सअॅप उघडलेलं असतं आणि मग पाच मिनिटं पडून काय मिळवलं होतं ते विसरा.

पतंजलींची योगसूत्रं, योगाचा जुना मूळ ग्रंथच म्हणा, १९५ किंवा १९६ धरतात, आणि त्यात आसनावर थेट जेमतेम तीन आहेत. पहिलं सगळ्यांना पाठ असतं, स्थिरसुखमासनम्, म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन. त्याच्या पुढचंच सूत्र मात्र कोणी पोस्टरवर छापत नाही, त्यात प्रयत्न सैल करण्याबद्दल आहे, प्रयत्नशैथिल्य असा शब्दच आहे तिथे. मला वाटतं आपल्यासारख्यांना हेच जास्त कामाचं, कारण ताणायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

आता हे दिवसात कसं आणायचं. वेगळा वेळ काढू नका, वेळ निघत नाही हे आपण सगळे जाणतो. एक फट निवडा. एकच. दाराच्या कुलपात किल्ली फिरवतानाची, गॅस पेटवायच्या आधीची, लिफ्टची वाट बघतानाची, किंवा फोन वाजल्यापासून उचलेपर्यंतची. आठवडाभर फक्त तीच. त्या फटीत करायचं काय, तर तळपाय जाणवू द्यायचे आणि एक श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, आत घ्यायची काळजी करू नका, तो आपोआप येतो. विसरलात तर विसरलात, पुढच्या वेळी किल्ली हातात आली की परत. दिवसातून दोनदा जरी आठवलं तरी पहिल्या आठवड्यात भरपूर झालं, आणि आठवलं नाही म्हणून स्वतःला शिव्या घालत बसणं हा पण मनाचा टाइमपासच असतो.

स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या असाल तेव्हा ताडासनच चालू असतं, फक्त आपल्याला पत्ता नसतो. पोळ्या लाटताना एका पायावर सगळा भार टाकून कंबर ओट्याला टेकवायची सवय असते, पोळी तव्यावर टाकताना ती सवय एकदा बघून घ्या आणि भार दोन्ही पायांवर आणा. पुढच्या पोळीपर्यंत परत गेलेला असेल. परत आणा.

लोकलमध्ये उभं राहायला मिळालं (बसायला मिळणं हा वेगळ्याच नशिबाचा विषय आहे) तर पावलं खांद्याइतकी लांब, गुडघे किंचित सैल, एक हात वरच्या कडीला. गाडी ब्रेक मारते तेव्हा कुठला पाय आधी घट्ट होतो ते बघा. डोळे मिटायचे नाहीत आणि दारात तर हे प्रयोग अजिबात करायचे नाहीत, तिथे लक्ष बाहेरच हवं. स्टेशन यायच्या आधीपासून सगळा डबा दाराकडे ढकलायला लागतो, आणि आपलं शरीर डब्यात असताना मन रिक्षाच्या लाइनीत जाऊन उभं राहिलेलं असतं. प्लॅटफॉर्मला पाय लागला की तो पाय लागलेला कळला पाहिजे, इतकीच अपेक्षा ठेवा.

भांडणात हे वापरायला जाऊ नका, निदान सुरुवातीला. समोरचा तावातावानं बोलतोय आणि तुम्ही डोळे अर्धे मिटून श्वास बघताय हे त्याला जास्त चिडवणारं असतं, आणि कधीकधी राग रास्तही असतो, तो बोलून टाकावा.

काळजीचं थोडं. काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल, बीपी ताब्यात नसेल, तर पाय वर, डोकं खाली असली आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. स्लिप डिस्कवाल्यांनी पुढे वाकायची घाई करू नये. श्वास कोंडून धरायचे प्रकार व्हिडिओ बघून करू नका, ते समोर शिकवणारा माणूस असतानाच. आणि काही जणांना डोळे मिटून पडलं की छातीत धडधडतं, जुन्या गोष्टी वर येतात, त्यांनी डोळे उघडे ठेवून भिंतीवरच्या एखाद्या जागेकडे बघत पडावं, आणि तरी त्रास होत असेल तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलावं.

घरात आई-बाबा असतील, सासू-सासरे असतील, तर त्यांना मॅटवर ओढत बसू नका, त्यांच्यासाठी खुर्चीतून उठणं हेच आसन. पावलं गुडघ्यांच्या थोडी आत घ्यायची, छाती पुढे आणायची, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की श्वास सोडत तळपाय दाबून उठायचं, हातानं खुर्चीचा आधार घेतला तरी चालतो. बसतानाही धपकन न बसता मांड्यांनी वजन धरत धरत बसायचं, ते उठण्यापेक्षा अवघड असतं. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उठल्यावर लगेच चालायला लागायचं नाही, चक्कर येऊ शकते. खुर्चीला धरून दोन श्वास उभं राहायचं, आणि मग जायचं आत, दूध उतू गेलं का ते बघायला.